ट्रेलर कोणत्या मापाने घ्यावा?

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावास आले, ते जलंबपासून खामगावपर्यंत टाकलेला लोहमार्ग सुरू करण्यासाठी. या मार्गाची लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. पण वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात वेळेवर पोचावा म्हणून त्या काळच्या राज्यकर्त्यांना या तेरा किलोमीटरांचे मोल कळले होते. आगगाडी आली तरी शेतातून बाजारापर्यंतचा प्रवास मात्र पुढे कित्येक वर्षे बैलगाडीनेच होत राहिला. ती गाडी बांधणारा सुतार गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी दोन गोष्टी विचारी : गाडीत भरणार काय, आणि नेणार कोणत्या वाटेने? त्याच्या उत्तरावर आखाची जाडी, चाकाचा घेर आणि धावेची रुंदी ठरत असे. शिक्षणाने नव्हे तर अनुभवाने आलेले ते यंत्रशास्त्र होते.

आज त्याच खामगावावरून पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. सुरतेकडून धुळे, जळगाव, मलकापूर, नांदुरा करीत आलेला हा रस्ता पुढे अकोला, अमरावती, नागपूर गाठून रायपूरकडे वळतो. लोखंडाच्या सळया, पत्र्याची वेटोळी, सिमेंटचे नळ, रोहित्रे, खोदकामाची यंत्रे, कापसाच्या गाठी असे सारे काही या रस्त्याने सपाट तळाच्या लांबलचक ट्रेलरवरून जाते. तथापि हे ट्रेलर ज्या रीतीने विकत घेतले जातात, ती रीत पाहिली तर त्या जुन्या सुताराचे दोन्ही प्रश्न कोणी विचारीत नाही असेच दिसते. विचारला जातो तो तिसराच प्रश्न : 'पासिंग' किती टनांचे? त्यापाठोपाठ चौथा : हप्ता किती बसेल? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड संपली. ज्या वस्तूवर एका कुटुंबाची पाच-सहा वर्षांची कमाई गहाण पडते, तिची निवड इतक्या घाईने व्हावी हे नवलाचे आहे. त्याहून गंभीर गोष्ट ही की, ही निवड केवळ मालकाची खाजगी बाब राहत नाही. रस्ता, पूल आणि त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस तिची किंमत मोजत असतो.

'पासिंग'चा हिशेब प्रथम नीट समजून घेतला पाहिजे, कारण सारा गोंधळ तेथूनच सुरू होतो. कायदा भार मोजतो तो आसावर, म्हणजे गाडीवाल्यांच्या भाषेत एक्सलवर. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने या मर्यादा वाढविल्या. दोन चाकांच्या पुढच्या आसाला ६ टनांऐवजी ७, चार चाकांच्या एकेरी आसाला १०.२ ऐवजी ११.५, जोडआसाला १९ ऐवजी २१ आणि ट्रेलरच्या तिहेरी आसाला २४ ऐवजी २७ टन अशी ही वाढ होती. पुढचे ओढणारे वाहन, ज्याला सर्रास 'घोडा' म्हणतात, ते दोन आसांचे असेल आणि मागे तीन आसांचा ट्रेलर असेल, तर ७, ११.५ आणि २७ मिळून ४५.५ टन होतात. घोडा तीन आसांचा असेल तर ७, २१ आणि २७ मिळून ५५ टन. पहिली गाडी अठरा चाकी, दुसरी बावीस चाकी. बाजारात ज्या दोन आकड्यांचा सतत घोष होतो ते हेच.

परंतु हे आकडे मालाचे नव्हेत, मालासह संपूर्ण गाडीचे आहेत. त्यातून रिकामा घोडा आणि रिकामा ट्रेलर यांचे वजन वजा केल्यावर जे उरते तेवढाच माल कायद्याने नेता येतो. ढोबळ मानाने अठरा चाकीत ३० टनांच्या आसपास आणि बावीस चाकीत ३६-३७ टन. म्हणजे ट्रेलर स्वतः किती जड आहे हा प्रश्न 'पासिंग' इतकाच महत्त्वाचा ठरतो. येथे आपल्याकडची एक जुनी समजूत आड येते. जितके लोखंड जास्त तितका माल मजबूत, अशी ती समजूत. साध्या प्रतीच्या पोलादाचे जाड तुळवे घालून आठ-साडेआठ टनांचा ट्रेलर बांधून दिला की गिऱ्हाईक खूश होते. तोच ट्रेलर जास्त ताण सहन करणाऱ्या प्रतीच्या पोलादाचा, भारतीय मानक २०६२ मधल्या ई-२५० ऐवजी ई-४५० सारख्या प्रतीचा बांधला तर टनभर वजन सहज वाचू शकते. टनभर वजन वाचले म्हणजे प्रत्येक खेपेला टनभर माल कायद्यात राहून जास्त नेता आला. शंभर खेपांत तो शंभर टन होतो. अर्थात यातही एक मेख आहे, आणि ती विकणारा सहसा सांगत नाही. जास्त ताण सहन करणारे पोलाद अधिक ताठ नसते. पातळ केलेला तुळवा तुटणार नाही, पण लवेल जास्त. आणि जोडकामाच्या जागी, जेथे वेल्डिंग असते, तेथे वारंवारच्या हेलकाव्यांनी चीर पडण्याचा धोका पोलादाच्या प्रतीने कमी होत नाही. म्हणून अशा ट्रेलरच्या तुळव्याची उंची वाढवावी लागते आणि वेल्डिंग निष्णात हाताचे लागते. ज्या कारखान्यात हे दोन्ही नाही तेथून महाग पोलादाचा ट्रेलर घेण्यापेक्षा साधा जड ट्रेलर बरा, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

आता रस्त्याकडे वळू. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर निरनिराळ्या वजनाच्या मालमोटारी अहोरात्र फिरवून एक प्रचंड प्रयोग करण्यात आला. त्यातून निघालेला निष्कर्ष सर्व जगभर रस्ते बांधणाऱ्यांनी आधाराला घेतला : आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी त्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर हानी दुप्पट नव्हे, सोळापट. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात मांडावे असे हे उदाहरण आहे. १०.२ टनांचा आस ११.५ टनांचा झाला तेव्हा भार पावणेतेरा टक्क्यांनी वाढला. पण एका फेरीमागे त्या आसाने होणारी हानी साठ टक्क्यांहून अधिक वाढली. त्याच आसावर मालकाने चोरून १५ टन टाकले, तर कायदेशीर भाराच्या जवळजवळ तिप्पट झीज एकटा तो आस करून जातो. जून २०२२ मध्ये याच महामार्गाच्या अमरावती ते अकोला टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी थर सलग काम करून पाच दिवसांच्या आत टाकण्याचा विक्रम झाला आणि त्याची जगभर वाहवा झाली. थर किती वेगाने टाकला याचा विक्रम नोंदवला जातो. तो किती वर्षे टिकला याचा नोंदवला जात नाही.

चौथ्या घाताच्या या नियमातून सरळ उत्तर निघते ते आस वाढविण्याचे. तोच माल अधिक आसांवर वाटला तर प्रत्येक आसाचा वाटा कमी होतो आणि रस्ता वाचतो. बहुआसी ट्रेलरचे सारे समर्थन याच एका वाक्यात आहे. पण आस वाढले म्हणजे भार आपोआप वाटला जातो असे समजणे ही दुसरी फसवी समजूत होय. आणि ती वऱ्हाडात अधिकच महाग पडते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कितीही सपाट केला तरी काही ऋतूंनंतर त्याला लाटा येतात. अशा लाटेच्या माथ्यावर तिहेरी आसांपैकी मधला आस चढला की, ट्रेलरची कमानपाट्यांची जुळणी नीट नसल्यास, पुढचा व मागचा आस हलके होतात आणि क्षणभर बराचसा बोजा एकट्या मधल्यावर येतो. कागदावर तीन आस, रस्त्यावर एकच. हे टळावे म्हणून दोन पाट्यांच्या टोकांमध्ये झोपाळ्यासारखी हलणारी तुला बसवलेली असते. एक बाजू उचलली की ती भार दुसरीकडे ढकलते. खरेदीच्या वेळी या तुलेचे खिळे, त्यांतले बुश आणि तिला हलायला असलेली मोकळीक पाहणारा गिऱ्हाईक विरळाच. हवेच्या पिशव्यांवरची जुळणी हे काम अधिक चांगले करते, मालाला हिसके कमी बसतात, पण ती महाग आणि तिची दुरुस्ती जाणणारे कारागीर मोठ्या शहरांतच सापडतात. मलकापूरजवळ रात्री पाटा तुटला तर सकाळपर्यंत तो बदलून देणारा भेटतो. हवेची पिशवी फाटली तर भेटेलच असे नाही. तेव्हा इकडच्या मालकाने कमानपाटे घेतले तर त्याला मागासलेला म्हणू नये. तुलेकडे मात्र त्याने डोळेझाक करू नये.

बैलगाडी जोडणाऱ्याला आणखी एक गोष्ट उपजत कळत असे, ती म्हणजे गाडी उलार होता कामा नये. माल मागे जास्त पडला की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त पडला तर मानेवर ओझे येते. ट्रेलर ज्या खिळ्याने घोड्याला जोडला जातो त्या किंगपिनचे गणित यापेक्षा वेगळे नाही. मागचे आस किंगपिनपासून किती अंतरावर बसवले आहेत यावर घोड्याच्या पाठीवर किती भार यावा हे ठरते. भार कमी आला तर बोथ्याच्या घाटात पावसाळ्यात घोड्याची चाके जागेवर फिरतील. जास्त आला तर एकूण वजन मर्यादेत असूनही घोड्याचा मागचा आस कायद्याबाहेर जाईल. पत्र्याची जड वेटोळी वाहणाऱ्याला हे विशेष लागू आहे. वीस-पंचवीस टनांचे वेटोळे हात-दीड हात जागेवर बसते. त्याच्यासाठी तळाला त्या जागी आडवे तुळवे अधिक हवेत आणि वेटोळे घरंगळू नये म्हणून खाच हवी. नळ्या किंवा सळया वाहणाऱ्याला तो प्रश्न नाही. त्याला बाजूच्या खुंट्या, साखळ्या अडकवण्याची कडी आणि मालाच्या लांबीइतका तळ हवा. कारण मागे माल बाहेर काढून नेण्याची सवलत २०१४ मध्ये रद्द झालेली आहे. कंटेनर वाहणाऱ्याला चार कोपऱ्यांत कुलपे हवीत. आणि कापसाच्या गाठी? एक गाठ १७० किलोची. शंभर गाठींचा सौदा म्हणजे सतरा टन. गाठींनी जागा भरते, वजन भरत नाही. ज्याचा धंदा मुख्यत्वे गाठींचा आहे त्याने शेजाऱ्याने घेतला म्हणून बावीस चाकी ट्रेलर घेणे म्हणजे चार जादा चाके, त्यांचे टायर आणि जास्तीचे डिझेल यांचा भुर्दंड वर्षानुवर्षे उगाच सोसणे आहे. हा वायफळ खर्च भरून काढण्यासाठी मग परतीच्या खेपेला सळयांचा बेकायदा बोजा चढवला जातो. अतिभाराचे पाप पुष्कळदा लोभातून नव्हे, चुकीच्या खरेदीतून जन्मते.

पुलाचा विचार तर याहूनही वेगळा आहे, आणि सुशिक्षितांतही तो फारसा माहीत नाही. रस्ता पाहतो आस. पूल पाहतो त्याच्या एका गाळ्यावर एका वेळी उभे असलेले सगळे वजन. त्यामुळे आस वाढवून आणि ते एकमेकांना चिकटवून रस्ता वाचेल, पूल वाचेलच असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये नागपूर-भोपाळ महामार्गावर, इटारसी आणि बैतूल यांच्या दरम्यान सुखतवा नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल कोसळला, तेव्हा त्यावरून अवजड यंत्र नेणारा १३८ चाकांचा ट्रेलर जात होता. चाकांची संख्या १३८ म्हणजे रस्त्यावरचा भार वाटण्याची काळजी घेतली गेली होती हे उघड आहे. पण तो पूल ज्या काळी बांधला गेला त्या काळी अशा वाहनाची कल्पनाही कोणी केली नव्हती. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावरचे पूल आज ज्या प्रमाणभाराला धरून बांधतात, त्या सत्तर-आर नावाच्या वर्गातले चाकांचे वाहन सात आसांचे आणि १०० टनांचे असते. त्याच्याही पुढे ३८५ टनांच्या विशेष वाहनाचा हिशेब अलीकडे धरला जातो. मात्र महामार्ग सोडून गावाकडच्या मार्गाला लागलेला ट्रेलर ज्या मोऱ्या आणि फरशा ओलांडतो, त्या कोणत्या हिशेबाने बांधल्या याची माहिती त्या चालकाला कोण देणार? तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्रासाठी महाराष्ट्रातून निघालेले ७० टनांचे एक यंत्र जुलै २०१९ मध्ये रस्त्याला लागले आणि जुलै २०२० मध्ये पोचले. वाटेत तारा उचलाव्या लागल्या, झाडे तोडावी लागली, पूल तपासावे लागले. मध्ये टाळेबंदीही आली. वर्ष लागले, पण तेथे वाट आधी पाहिली गेली. सामान्य ट्रेलरच्या नशिबी तेवढी चौकशी नसते.

ज्या गोष्टींचा मालाशी संबंध नाही म्हणून त्या सर्वात आधी कापल्या जातात, त्यांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. सपाट ट्रेलरचा तळ जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असतो, आणि लहान मोटारीची समोरची काच साधारण त्याच उंचीवर येते. रस्त्याच्या कडेला अंधारात उभा असलेला ट्रेलर मागून येणाऱ्या मोटारीला दिसला नाही, तर धडक मोटारीच्या इंजिनाला नव्हे, आतल्या माणसांच्या डोक्याला बसते. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ, बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची लहान बस मालमोटारीवर मागून आदळली आणि १२ जण मृत्युमुखी पडले. त्या अपघाताची कारणे स्वतंत्र आहेत. पण मागून आदळणे म्हणजे काय हे त्या रात्रीने दाखवले. मागचा भक्कम अडसर, बाजूच्या पट्ट्या, उजेड परतवणारी फीत आणि चालू असलेले तांबडे दिवे यांना ट्रेलरच्या किमतीच्या मानाने फारच थोडा पैसा लागतो. तरी तपासणीपुरता अडसर लावून नंतर तो वाकला की तसाच ठेवण्याची प्रथा आहे. लादणीच्या वेळी तो आड येतो, एवढेच कारण.

मोटारमालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, भाडे माल पाठवणारा ठरवतो, डिझेल आणि पथकर सरकार ठरवते, आमच्या हाती उरतो तो फक्त बोजा वाढवणे. यात तथ्य आहे. २०१८ मध्ये आसांच्या मर्यादा वाढल्या त्याच महिन्यात देशभरच्या मालवाहतूकदारांचा संप झाला, हे विसरता येत नाही. मर्यादा वाढली म्हणजे तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला, आणि एकच गाडी असलेल्या मालकाची घासाघीस करण्याची ताकद आणखी घटली. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात अतिभाराचा दंड २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा आहे. पाच टन जादा म्हणजे ३०,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. चालक मालक नसला तरी गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते, ही तरतूद तर कायद्यात पूर्वीपासूनच आहे. माल पाठवणारा यातून बहुधा नामानिराळा राहतो. त्याला जाब विचारल्याशिवाय अतिभार थांबणार नाही, हे मालकांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ज्याचा ट्रेलर आपल्या मालाला बेतून घेतलेला आहे, त्याला नाही म्हणण्याची थोडीतरी उसंत मिळते. ज्याने भलताच ट्रेलर भलत्या हप्त्यावर घेतला आहे, त्याला ती मिळत नाही.

म्हणून दुरुस्ती खरेदीच्या टेबलापासून व्हावी. कर्ज देणाऱ्या बँका आणि पतसंस्था आज गाडीचे दरपत्रक आणि जामीनदार पाहतात. त्यांनी अर्जात आणखी दोन ओळींची जागा ठेवावी : मुख्य माल कोणता, आणि नेहमीचा मार्ग कोणता. ट्रेलर ताब्यात घेताना बांधणाऱ्याच्या तोंडी वजनावर विश्वास न ठेवता तो रिकामा काट्यावर घालून चिठ्ठी घ्यावी. नोंदणीच्या कागदावरचे रिकामे वजन आणि त्या चिठ्ठीतला फरक लगेच उघडा पडेल. भरलेल्या गाडीचे एकूण वजन पाहून समाधान मानण्याचीही सवय सोडली पाहिजे. साध्या वजनकाट्यावरसुद्धा आधी केवळ घोडा, मग संपूर्ण गाडी, मग केवळ ट्रेलरचे आस असे टप्प्याटप्प्याने चढवून प्रत्येक आसगटाचा भार बऱ्यापैकी काढता येतो. त्याला पाच-दहा मिनिटे जास्त लागतात. काट्याच्या आगेमागे जमीन समतल असली म्हणजे झाले. बाजार समितीने आपल्या काट्यावर अशी तीन वजनांची चिठ्ठी देण्याची सोय केली, तर चालकाच्या हाती मालकाला आणि मालकाच्या हाती अडत्याला दाखवण्याजोगा कागद येईल.

खामगावात शासकीय तंत्रनिकेतन आहे. यंत्र आणि स्थापत्य या शाखांतील मुलांना दरवर्षी प्रकल्पाचा विषय शोधावा लागतो, आणि तो पुष्कळदा जुन्या वह्यांतून उतरवला जातो. महामार्गावर उभ्या असलेल्या ट्रेलरची तुला, आसांमधले अंतर, मागच्या अडसराची उंची आणि काट्यावरची तीन वजने एवढे एका हंगामात मोजून काढले, तर या तालुक्यातल्या रस्त्यांवर खरोखर किती भार पडतो आणि तो कोणत्या आसावर पडतो, याचे उत्तर सार्वजनिक बांधकाम खात्यालाही उपयोगी पडेल. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर जोरात सुरू होतो. मोजणीला तोच काळ सोयीचा.